पाच जणांचे मास्तर : ऑफेन्सिव्ह लाइन कोच व्हायचं असेल तर

एनएफएलमध्ये संघ ३२. म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन कोचच्या मुख्य जागाही ३२. बहुतेक संघांत त्याच्या हाताखाली एखादा सहायक असतो. सगळं धरलं तरी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधल्या या कामाच्या जागा शंभराच्या आतच भरतात. त्यामुळे फक्त या जागांवर डोळा ठेवून आयुष्य आखू नका, असंच मी कुणालाही सांगेन.

तरीही हे करिअर मी मनापासून सुचवतो. अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या तिन्ही विभागांत मिळून सहाशेहून अधिक महाविद्यालयीन फुटबॉल संघ आहेत आणि शाळांचे संघ हजारोंनी आहेत. त्या प्रत्येक संघाला समोरच्या फळीतल्या पाच जणांना शिकवणारा माणूस लागतो आणि असा चांगला माणूस सहजी मिळत नाही. अमेरिकेत किंवा कॅनडात वाढणारी मराठी घरांतली मुलं, त्यांचे आईवडील आणि महाराष्ट्रात रात्र जागून सामने पाहणारे तरुण, अशा सर्वांसाठी हा लेख आहे.

माझं म्हणणं एकच आहे. हे शिक्षकाचं करिअर आहे. पद, पगार आणि प्रसिद्धी या गोष्टी आल्या तर नंतर येतात. वाटेतल्या प्रत्येक वळणावर ‘इथे मला किती शिकायला आणि किती शिकवायला मिळेल?’ एवढाच प्रश्न विचारलात, तर निर्णय सहसा चुकणार नाहीत.

काम नेमकं काय असतं

आक्रमण करणाऱ्या ११ खेळाडूंपैकी पाच जण ऑफेन्सिव्ह लाइनचे असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्याबाहेर टॅकल. एनएफएलमध्ये त्यांच्या जर्सीवर ५० ते ७९ मधले क्रमांक असतात आणि नेहमीच्या मांडणीत त्यांना पुढे टाकलेला पास झेलता येत नाही. त्यांची कामं दोन. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकला वाट मोकळी करून द्यायची आणि पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला अडीच-तीन सेकंद सुरक्षित ठेवायचं. कबड्डीत साखळीतल्या एकाचा हात सुटला की चढाईपटू निसटतो, तसंच इथेही आहे. चौघांनी आपलं काम चोख केलं आणि पाचव्याचं पाऊल चुकलं, तर त्या चौघांची मेहनत वाया जाते.

म्हणून हा कोच पाच वेगवेगळ्या खेळाडूंना शिकवत असला, तरी त्याला घडवायचा असतो तो पाच जणांचा एक गट. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये २०१५ पासून दिला जाणारा ‘जो मूर पुरस्कार’ एका खेळाडूला न देता संघाच्या संपूर्ण ऑफेन्सिव्ह लाइनला देतात, तो याचमुळे.

असा गट घडला की काय होतं, याची दोन उदाहरणं पाहा. १९८२ च्या सराव शिबिरात वॉशिंग्टन संघाचे लाइन कोच जो ब्यूगल यांनी आपल्या खेळाडूंना ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरं, असं नाव दिलं. चिखलात राबणाऱ्या त्या खेळाडूंनी ते अभिमानानं मिरवलं. त्याच हंगामाअखेर, जानेवारी १९८३ मध्ये, या फळीमागून धावताना जॉन रिगिन्सनं सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, १६६ यार्ड काढले आणि वॉशिंग्टननं मायामीला २७-१७ असं हरवलं. दुसरं उदाहरण डेन्व्हरचं. तिथे १९९५ पासून ॲलेक्स गिब्ज यांनी तुलनेनं हलक्या, पण चपळ खेळाडूंना एकाच दिशेनं एका तालात सरकायला शिकवलं. नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, थेट सहाव्या फेरीत निवडलेला टेरेल डेव्हिस या फळीमागे १९९८ मध्ये २,००८ यार्ड धावला. तो जखमी झाल्यावर चौथ्या फेरीतला ओलांडिस गॅरी आणि पुढच्या वर्षी सहाव्या फेरीतला माइक अँडरसन यांनीही हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. धावणारे बदलले तरी यार्ड येतच राहिले, यातच त्या कोचचं काम दिसतं.

शिकवायचं काय, तर पाऊल, हात आणि डोळे

ज्यांना या कामात शिरायचं आहे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, म्हणून हा भाग थोडा तपशिलात सांगतो.

सुरुवात उभं राहण्यापासून होते. खेळाडू एक हात जमिनीला टेकवून बसतो की दोन्ही हात मोकळे ठेवून? त्याचं वजन पुढच्या बोटांवर आहे की टाचांवर? धावण्याच्या खेळीत वजन थोडं पुढे लागतं, पास वाचवताना मागे सरकता यायला हवं. आणि या दोन बैठकांतला फरक समोरच्याला कळू देऊन चालत नाही, कारण त्यावरून तो खेळी ओळखतो. नवशिक्या कोचनं पहिले कितीतरी दिवस निव्वळ बैठकच तपासावी.

त्यानंतर पहिलं पाऊल. ते जेमतेम वीतभर असतं. ते उंच उचललं गेलं, लांब पडलं किंवा चुकीच्या कोनात पडलं, तर पुढच्या ताकदीचा उपयोग नसतो. दुसरं पाऊल जमिनीला लागण्याआधी टक्कर होते, म्हणून ‘दुसरं पाऊल लवकर टेकव’ हे वाक्य सगळ्या लाइन कोचच्या तोंडी असतं.

मग हात. समोरच्याच्या छातीवर, त्याच्या खांद्यांच्या आतल्या बाजूला तळवे पडले तर पकड वैध आणि मजबूत राहते. हात बाहेर गेले आणि जर्सी ओढली गेली, तर ‘होल्डिंग’चा १० यार्डांचा दंड होतो. चेंडू निघण्याआधी कुणी हललं तर ‘फॉल्स स्टार्ट’चा ५ यार्डांचा. हे दंड आक्रमणाची अख्खी मालिका मोडतात. त्यामुळे लाइन कोचला नियमपुस्तक पंचांइतकंच पाठ असायला हवं.

पास वाचवताना टॅकल मागे आणि बाहेर सरकतो, त्या हालचालीला ‘किक स्लाइड’ म्हणतात. समोरचा बाहेरून वळसा घालू पाहतो, आत घुसू पाहतो किंवा सरळ छातीवर येऊन ढकलत नेतो. या तिन्हींना तीन उत्तरं लागतात आणि उत्तर निवडायला अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणून विचार करण्याचं काम आठवडाभर आधी करून घ्यायचं आणि सामन्यात ते शरीरानं आपसूक करावं, इतकं घोटून घ्यायचं.

शेवटी डोळे आणि बोलणं. चेंडू निघण्याआधी सेंटर समोरची मांडणी वाचतो, ‘माइक’ म्हणजे मधला लाइनबॅकर कोण हे ओळखून ओरडून सांगतो, आणि कुणी कुणाला घ्यायचं ते त्यावर ठरतं. समोरचे दोघे अचानक जागा बदलून आडवे शिरले, तर गार्ड आणि टॅकल यांनी आपापला माणूस एकमेकांच्या हवाली करायचा असतो. गोंगाटात आवाज पोहोचत नाही तेव्हा खुणांवर चेंडू काढावा लागतो. इंडियानापोलिस कोल्ट्समध्ये १९९८ ते २००९ या काळात लाइन सांभाळणारे हॉवर्ड मड अशा मूक खुणांसाठी प्रसिद्ध होते.

हे सगळं शिकवण्याची पद्धत एकच नसते. मड पास वाचवतानाही समोरच्यावर आधी चालून जायला शिकवत. न्यू इंग्लंडचे दान्ते स्कार्नेकिया दररोज त्याच त्या मूलभूत कवायती न कंटाळता करून घेण्यासाठी ओळखले गेले. तुम्ही कुठलीही पद्धत उचला, पण ती का चालते हे एका चौदा वर्षांच्या मुलाला चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे. तसं सांगता येत नसेल, तर ती पद्धत आपल्यालाच नीट कळलेली नाही असं समजावं.

स्वतः खेळलेलं असायलाच हवं का

खेळलेलं असेल तर उत्तम. हॉल ऑफ फेममध्ये असलेले गार्ड माइक मन्चॅक आणि रस ग्रिम हे दोघंही पुढे नावाजलेले लाइन कोच झाले. पण मोठं खेळलेलं असणं ही अट नाही. बिल कॅलाहन एका छोट्या महाविद्यालयात क्वार्टरबॅक होते. पुढे त्यांनी अनेक एनएफएल संघांच्या लाइन घडवल्या आणि ओकलंड रेडर्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून संघाला सुपर बोलपर्यंत नेलं. फिलाडेल्फिया ईगल्सच्या लाइनमुळे घराघरांत पोहोचलेले जेफ स्टाउटलंड महाविद्यालयात लाइनबॅकर होते, म्हणजे ते बचावाच्या बाजूनं खेळत.

अंगकाठी लहान म्हणून ज्या मुलांना फळीत जागा मिळाली नाही, त्यांनी हे लक्षात ठेवावं. आज एनएफएलमधले लाइनमन बहुधा १३५ किलोंच्या पुढचे असतात आणि तसं शरीर प्रत्येकाला लाभत नाही. कोचला लागणारी नजर, चिकाटी आणि समजावण्याची हातोटी मात्र कष्टानं कमावता येते.

मुलींनीही ही वाट आपली नाही असं मानू नये. २०१५ मध्ये जेन वेल्टर ॲरिझोना कार्डिनल्सच्या शिबिरात प्रशिक्षक म्हणून उभ्या राहिल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या टॅम्पा बेच्या ताफ्यात लोरी लोकस्ट बचावफळीच्या सहायक कोच होत्या. बचावफळीला शिकवणारी स्त्री सुपर बोल जिंकू शकते, तर आक्रमणाच्या फळीची दारंही उघडतील, आणि त्यासाठी तयारीच्या मुली हव्या आहेत.

खेळायची संधी असेल त्यांना एक सल्ला. शाळेत कुस्तीही खेळा. कंबर खाली ठेवणं, समोरच्याचा तोल ओळखणं, हात आधी आत घालणं हे सगळं कुस्तीत मिळतं. न्यू इंग्लंडचा गार्ड स्टीफन नील महाविद्यालयात फुटबॉल खेळलाच नव्हता. तो १९९९ चा जागतिक विजेता कुस्तीगीर होता. स्कार्नेकियांच्या हाताखाली तो संघाचा नेहमीचा गार्ड झाला. तालमीत वाढलेल्या मराठी मुलाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

वाट, पायरी पायरीनं

पहिली पायरी शाळेची. बहुतेक शाळांना सहायक प्रशिक्षक हवेच असतात. मानधन थोडं असतं, कधी नसतंही. त्यासाठी पार्श्वभूमीची तपासणी, प्रथमोपचार व सीपीआरचं प्रशिक्षण आणि डोक्याच्या इजेविषयीचा अभ्यासक्रम लागतो. राज्यागणिक नियम वेगळे असतात, पण शालेय क्रीडा महासंघाचा, म्हणजे एनएफएचएसचा, प्रशिक्षणाचा पायाभूत अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. दहावी-अकरावीच्या मुलांना शिकवताना आपलं शिकवणं किती अपुरं आहे ते लगेच कळतं, म्हणून ही पायरी टाळू नका.

दुसरी पायरी महाविद्यालयातली. अजून विद्यार्थी असाल तर संघाच्या कार्यालयात जाऊन विद्यार्थी सहायक म्हणून काम मागा. पदवीनंतर ‘ग्रॅज्युएट असिस्टंट’ होता येतं. पदव्युत्तर शिक्षणाची फी बऱ्याचदा माफ होते, थोडा भत्ता मिळतो आणि बदल्यात चित्रफिती कापणं, आकृत्या काढणं, सरावात विरोधी संघाची नक्कल करणाऱ्या गटाला उभं करणं अशी कामं पडतात. पहिल्या विभागात २०२४ पासून एनसीएएनं कर्मचारीवर्गातल्या सर्वांना मैदानावर तांत्रिक मार्गदर्शन करायची मुभा दिली आहे. त्यामुळे ‘ॲनालिस्ट’ म्हणून लागलेल्या तरुणालाही आता प्रत्यक्ष शिकवायला मिळू शकतं. जागा स्वीकारण्यापूर्वी ते मिळणार का, हे स्पष्ट विचारून घ्या.

तिसरी पायरी म्हणजे छोट्या महाविद्यालयात स्वतःची लाइन. तिसऱ्या विभागात क्रीडा शिष्यवृत्त्या नसतात, कर्मचारी कमी असतात आणि कोचला खेळाडू शोधण्यापासून साहित्य सांभाळण्यापर्यंत सगळं करावं लागतं. पण पाच जणांची पूर्ण जबाबदारी तुमची असते. मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या क्रमांकाचा मदतनीस होणं आणि छोट्या ठिकाणी स्वतः लाइन शिकवणं, यांतून निवडायची वेळ आली, आणि मोठ्या ठिकाणचा गुरू असामान्य नसेल, तर मी दुसरं निवडायला सांगेन.

त्यानंतर मोठं विद्यापीठ किंवा एनएफएल. एनएफएलमध्ये सहसा ‘क्वालिटी कंट्रोल’ किंवा सहायक लाइन कोच म्हणून प्रवेश मिळतो. वंचित गटांतल्या प्रशिक्षकांना संधी मिळावी म्हणून १९८७ मध्ये सुरू झालेली ‘बिल वॉल्श’ फेलोशिप हा एक दरवाजा आहे. सगळे ३२ संघ त्यात भाग घेतात आणि शिबिराच्या दिवसांत फेलो त्यांच्याबरोबर काम करतात.

या वाटेला वेळ लागतो. स्टाउटलंड सदर्न कनेक्टिकट, कॉर्नेल, सिराक्यूज, मिशिगन स्टेट, मायामी आणि अलाबामा असं करत २०१३ मध्ये ईगल्समध्ये आले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि त्यांच्या मागे जवळपास तीन दशकांचं शिकवणं होतं. त्या अनुभवाचं फळ जॉर्डन मायलाटाच्या रूपात दिसलं. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळलेल्या या मुलानं अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. २०१८ मध्ये ईगल्सनं त्याला सातव्या फेरीत घेतलं. तो पहिल्यांदा २०२० मध्ये सुरुवातीच्या ११ जणांत खेळला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकणाऱ्या संघाचा तो लेफ्ट टॅकल होता. दूरदर्शनवर खेळाडू आपली ओळख करून देताना महाविद्यालयाचं नाव सांगतात, तिथे मायलाटा ‘जेफ स्टाउटलंड युनिव्हर्सिटी’ म्हणतो. शिक्षकाचा याहून मोठा गौरव मला ठाऊक नाही.

पदाआधी गुरू पाहा

या व्यवसायात विद्या हातोहात जाते. ज्यांच्या नावानं तो पुरस्कार दिला जातो त्या जो मूर यांनी पिट्सबर्ग विद्यापीठात रस ग्रिमला सेंटर केलं. ग्रिम पुढे ब्यूगल यांच्या हॉग्जमध्ये खेळला आणि नंतर स्वतः कोच झाला. मूर यांच्याच हाताखाली शाळेत खेळलेले आणि पिट्सबर्गमध्ये मदतनीस राहिलेले कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून आयोवा विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक आहेत आणि तेही मूळचे लाइन कोच. २०११ मध्ये मड ईगल्समध्ये असताना संघानं जेसन केल्सी या वजनानं कमी असलेल्या सेंटरला सहाव्या फेरीत निवडलं. दोन वर्षांनी तो स्टाउटलंड यांच्या हाती आला. निवृत्त होईपर्यंत त्याची सहा वेळा ‘ऑल-प्रो’, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवड झाली होती.

म्हणून नोकरी निवडताना संघाच्या नावाआधी लाइन कोचचं नाव पाहा. त्याच्याबरोबर काम केलेल्यांपैकी किती जण पुढे चांगले कोच झाले, हे शोधून काढा. अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशन दर जानेवारीत भरतं. फक्त लाइन कोचसाठी सिनसिनाटीत भरणारी, जिम मॅकनॅली यांच्याशी जोडलेली ‘कूल क्लिनिक’ची परंपराही या वर्तुळात मानाची आहे. अशा ठिकाणी नोकरी मागायला जाऊ नका. एखाद्या खेळीवरचा नेमका प्रश्न घेऊन जा. ‘तीन जणांच्या बचावफळीसमोर तुम्ही मागच्या गार्डला कसं पाऊल टाकायला सांगता?’ असं विचारणारा तरुण लक्षात राहतो. लाइन कोच हे सहसा दिलदार लोक असतात, एका प्रश्नावर तासभर बोलतात. नंतर आभाराचं पत्र पाठवा आणि सांगितलेलं करून पाहून काय घडलं तेही कळवा.

हंगामाचा आठवडा

एनएफएलमध्ये २०२१ पासून नियमित हंगामात प्रत्येक संघ १७ सामने खेळतो. रविवारी सामना असेल तर सोमवारी प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक खेळीला गुण द्यायचे आणि चुका दाखवायच्या. मंगळवारी खेळाडूंना सुट्टी असते, कोच पुढच्या प्रतिस्पर्ध्याची आखणी करत रात्र करतात. बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनच्या, म्हणजे प्रयत्नाच्या, मूळ खेळी, गुरुवारी तिसऱ्या डाउनचं पास-रक्षण, शुक्रवारी गोलरेषेजवळच्या आणि थोड्या अंतराच्या खेळी, शनिवारी हलकी उजळणी. मग पुन्हा रविवार. हंगाम संपला की फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसमध्ये नव्या खेळाडूंची चाचणी, एप्रिलमध्ये ड्राफ्ट, मग उन्हाळी सराव आणि जुलैच्या शेवटी शिबिर.

२०११ च्या करारानंतर हंगामात पूर्ण गणवेशातले सराव १४ वर आले. प्रत्यक्ष टक्कर देऊन शिकवायचा वेळ त्यामुळे खूप घटला. म्हणजे आजच्या कोचला पॅड न घालता, चालत्या वेगात, चित्रफितीच्या खोलीत आणि जमिनीवर आखलेल्या रेषांवर शिकवता आलं पाहिजे. नव्या पिढीच्या कोचसाठी ही अडचण आहे तशी संधीही आहे, कारण आरडाओरडा करून काम भागवायचे दिवस सरले आहेत.

त्यांचा जीव तुमच्या हाती असतो

१ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जचा टॅकल कोरी स्ट्रिंगर शिबिरातल्या उष्माघातानं गेला. जड शरीराच्या खेळाडूंना उष्म्याचा धोका अधिक असतो आणि तेच तुमचे विद्यार्थी असतात. हवामान पाहून सराव कमी करणं, नव्या मुलांना हळूहळू सवय लावणं, बर्फाच्या पाण्याचा टब मैदानापाशी तयार ठेवणं आणि उष्माघात झाल्यास आधी शरीर थंड करून मगच रुग्णालयात नेणं, हे तुमच्या हाडामांसात भिनलेलं हवं. डोक्याच्या इजेचंही तसंच. ‘मला काही झालं नाही’ असं लाइनमन हमखास म्हणतो, कारण सोसणं हीच त्याची शिकवण असते. त्याचं ऐकू नका, वैद्यकीय चमूचं ऐका. वजन वाढवण्यासाठी शाळकरी मुलांवर दबाव आणू नका. सामना जिंकण्यासाठी मुलाच्या शरीराशी खेळणाऱ्या माणसाला मी कोच म्हणणार नाही.

घर, पैसा आणि अस्थिरता

शाळेतला कोच बहुधा त्याच शाळेत शिक्षक असतो आणि त्या पगारावर जगतो. छोट्या महाविद्यालयात पगार बेताचा, मोठ्या विद्यापीठात आणि एनएफएलमध्ये तो लाखो डॉलरांत जातो. पण करार छोट्या मुदतीचे असतात आणि मुख्य प्रशिक्षकाला काढलं की त्याचा ताफाही बहुधा जातो, तुमच्या फळीनं कितीही चांगलं काम केलेलं असो. नोकरी गेली की शहर बदलतं, मुलांची शाळा बदलते, जोडीदाराची नोकरीही.

म्हणून लग्नाआधी किंवा घर घेण्याआधी जोडीदाराशी मोकळेपणानं बोला. जुलै ते जानेवारी सणवार बहुतेक हुकतील, गणपती आणि दिवाळी नेमक्या हंगामात येतात, हे आईवडिलांनाही आधीच सांगा. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय मोठी कर्जं काढू नका. शिक्षकीची पदवी किंवा परवाना हाती ठेवा. शाळेत परतण्याची वाट मोकळी असली की मोठ्या जागेवरही निर्भयपणे शिकवता येतं.

आईवडिलांना माझी विनंती आहे. हे मूल अभियंता किंवा डॉक्टर होणार नाही, याचं दुःख करत बसू नका. शिक्षकाच्या पेशाचा आदर आपल्या घरांत मुळातच आहे. तो आदर या शिक्षकालाही द्या.

भारतातून यायचं असेल तर

महाराष्ट्रातल्या तरुणांनी परिस्थिती नीट ओळखावी. २०१२ मध्ये भारतात एलिट फुटबॉल लीग आली आणि तिच्यात पुणे मराठाज हा संघ होता, पण त्यावर करिअर उभं राहील असा पाया अजून इथे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी फ्लॅग फुटबॉलला मान्यता मिळाली. त्यामुळे इथे खेळ वाढेल आणि प्रशिक्षक लागतील. मात्र ऑलिंपिकमधला फ्लॅग फुटबॉल पाच-पाच जणांचा असतो, त्यात टक्कर आणि ऑफेन्सिव्ह लाइन नसते. शिकवण्याचा अनुभव म्हणून तो उत्तम आहे, लाइनचं ज्ञान मात्र वेगळं कमवावं लागेल.

त्यासाठी खरा मार्ग अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाऊन संघाशी जोडलं जाण्याचा. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना महाविद्यालयाच्या आवारातलं काम आठवड्याला २० तासांपुरतं मर्यादित असतं. फुटबॉलचं काम त्यात सहज मावत नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. जर्मनीसारख्या देशांतही अनेक दशकं लीग चालू आहेत. तिथे शिकत किंवा नोकरी करत असाल तर स्थानिक क्लबात मदतीला जा.

या वर्षी काय करावं

एक सामना निवडा आणि पूर्ण सामनाभर फक्त डाव्या गार्डकडे पाहा. चेंडूकडे बघायचं नाही. प्रत्येक खेळीला चार गोष्टी लिहा: बैठक, पहिलं पाऊल, हात कुठे पडले आणि खेळी कशी संपली. दुसऱ्या आठवड्यात सेंटर, मग टॅकल. काही आठवड्यांत तुम्हाला खेळ वेगळाच दिसायला लागेल.

एक वही करा. तिच्यात प्रत्येक कौशल्यासाठी एक पान: काय शिकवायचं, कुठली कवायत, कोणती चूक हमखास होते आणि ती दुरुस्त करणारं तीन शब्दांचं वाक्य. पुढे मुलाखतीत तुम्हाला फळ्यापाशी उभं करून ‘इनसाइड झोन ही धावण्याची खेळी वेगवेगळ्या मांडण्यांसमोर बसवून दाखव’ असं सांगतील. तेव्हा वर्षानुवर्षं भरलेली ही वहीच कामी येईल.

जवळच्या शाळेच्या कोचला पत्र लिहा आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता एक हंगाम द्या. पहिल्या फळीची मुलं मागू नका, तिसऱ्या फळीची मागा. ज्यांना कुणी वेळ देत नाही त्यांना शिकवून बघा. हंगामाअखेर त्यांतला एक जरी पहिल्या फळीत गेला आणि तुम्हाला स्वतःच्या बढतीपेक्षा त्याचा आनंद जास्त झाला, तर या कामासाठी लागणारा मुख्य गुण तुमच्याकडे आहे. तसं झालं नाही तर या खेळात इतरही चांगली कामं आहेत, ती मोकळ्या मनानं शोधा. लाइन कोच मात्र त्यानंच व्हावं, ज्याला दुसऱ्याचं पाऊल बरोबर पडलेलं पाहून समाधान वाटतं.